कानात आपोआप लागणारं गाणं

तुमच्याशी मी पंधरा-सोळा वर्षं ओरडूनच बोलले. जेवायला चला, पाणी आलं, वर्षाचा फोन आहे, सगळं ओरडून. कामासाठी गाव सोडून शहरात आलो त्या नवागामच्या आपल्या गल्लीत दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, त्यामुळे आपल्या घरात आज काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक. एकदा मी तुम्हाला मीठ संपल्याचं सांगितलं, तर तुम्ही चपला घालायच्या आत शेजारच्या कांताबेन वाटीभर मीठ घेऊन दारात उभ्या. तुम्ही वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "आते दुकानवर जावानं कामच नही. तू फक्त बोलत ऱ्हाय."

आता मी हळू बोलते. कांताबेन विचारतात, आवाज बसला का? बसला नाही. वापरायला कुणी उरलं नाही.

आपण दोघं घरात अहिराणीच बोललो. पण लिहायला बसलं की गावच्या शाळेतली मराठीच हाताखाली येते, त्याला माझा इलाज नाही. तुमचं बोलणं मात्र तुमच्याच शब्दांत लिहीन. ते बदललं तर तुमचा चेहरा समोर येत नाही.

तुमचे कान खात्यात गेले. पांडेसऱ्याला लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात, तीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. आधी फोनवरचं ऐकू येईना, मग पाठीमागून मारलेली हाक, मग समोरचं. तुम्ही लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकलात. खात्यात सगळे तसंच बोलतात, ओठ आणि हात. घरी आल्यावर मला तुमच्यासमोर तोंड करून, मोठ्याने, तुकडे पाडून बोलावं लागायचं. त्याचीही सवय झाली. पण काही गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, समोरच्याच्या डोळ्यांत बघत, कोण सांगेल?

माझ्याकडे अशी एक गोष्ट होती.

वर्षा दहावीला होती ते वर्ष. परीक्षेला चार दिवस राहिले होते. तुम्ही दिवसपाळीला गेला होतात आणि दुपारी अशोकभाऊजींचा गावाहून फोन आला. तुम्हाला फोनवरचं कळायचं नाही म्हणून घरातला प्रत्येक फोन मीच घ्यायची. भाऊजी म्हणाले, "मायनं काय खरं नही, वहिनी. भाऊनं नाव ली ऱ्हायनी. त्याले आजच धाडा." मी म्हटलं, हो, पाठवते.

आणि पाठवलं नाही.

कारण सांगते, म्हणजे ते कारण मी स्वतःला जसं सांगितलं तसं. आदल्या वर्षी तुम्ही पुतणीच्या लग्नाला म्हणून पंधरा दिवस गेलात. परत आलात तर तुमच्या लूमवर दुसरा कारीगर उभा होता, आणि दोन महिने तुम्ही घरात बसून होतात. ते दोन महिने मला आठवत होते. सासूबाई त्याआधीही तीनदा अशाच आजारी पडल्या होत्या आणि तीनदा उठून बसल्या होत्या. मला वाटलं, पोरीचा पहिला पेपर होऊ दे. चार-पाच दिवसांचा तर प्रश्न आहे.

तुम्ही घरी आलात. हात धुता धुता विचारलंत, "कोना फोन व्हता?" मी तुमच्यासमोर उभी राहून ओरडून सांगितलं, "अशोकभाऊजींना. बठ्ठा बरा शेतस." सगळे बरे आहेत. तुम्ही मान हलवलीत आणि जेवायला बसलात.

तिसऱ्या दिवशी सासूबाई गेल्याचा निरोप आला. आपण गावी पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. अंगणात माणसं बसली होती, त्यातल्या कुणीतरी सासूबाई तुमचं नाव घेत होत्या असं तुम्हाला सांगितलं. त्या सगळ्यांसमोर तुम्ही भाऊजींना म्हणालात, "माय मनं नाव लेत व्हती आनि तू माले कळाडं नही." भाऊजी उठून उभे राहिले, काहीतरी मोठमोठ्याने सांगू लागले. पण तुम्ही तोंड फिरवलं होतं. त्यांचे ओठ तुम्हाला दिसत नव्हते आणि त्या गलक्यात आवाज पोचत नव्हता. तुम्ही मला विचारलंत, "हाऊ काय बोली ऱ्हायना?"

ते सांगत होते की त्यांनी फोन केला होता.

मी म्हटलं, "काही नही. चला."

पहिल्या खोटेपणाला मी भीती म्हणू शकते. या दुसऱ्याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही. तिथून निघालो ते अकरा वर्षं तुम्ही त्या घराची पायरी चढला नाहीत. भाऊजींनाही वाटलं असणार, निरोप पोचूनही हा आला नाही आणि वर मलाच बोल लावून गेला. दोघंही आपापल्या जागी खरे होते. मधे मी होते.

त्या अकरा वर्षांत सांगायचं ठरवलं नाही असा महिना गेला नसेल. दर वेळी मनात म्हणायचे, हे ओरडून कसं सांगू, गल्ली ऐकेल. आता तुमच्यापासून लपवून काय मिळवायचं, म्हणून खरं लिहिते. गल्लीचं निमित्त होतं. वहीत लिहून दाखवता आलं असतं. तुम्हाला वाचता येत होतं.

मग दिवाळीनंतर वर्षा आणि जावयांनी तुमच्या कानाला मशीन आणलं. ते तुमच्या फोनला आपोआप जोडलं जायचं, त्यामुळे फोन आला की समोरच्याचा आवाज थेट तुमच्या कानात. तुम्ही ते पहिल्यांदा घातलंत तेव्हा आम्ही दोघी तुमच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. तुम्ही मशीन बोटाने चाचपलंत. मग मोरीकडे मान वळवून म्हणालात, "हाऊ नळ कवयपासून गळस?" तो नळ पाच-सहा वर्षं गळत होता. तुम्ही पान्हा घेऊन लगेच दुरुस्त करायला बसलात. मी सवयीने ओरडले, "आधी च्या तं पेवा," तर तुम्ही दोन्ही कान धरलेत. मग मी हळू बोलले. तेच वाक्य, साध्या आवाजात. तुम्ही पान्हा खाली ठेवलात आणि म्हणालात, "तुना आवाज असा शे का?"

मी आत निघून गेले. वर्षाला वाटलं चहा आणायला गेले.

महिनाभर घर वेगळंच झालं. तुमच्याकडे पाठ करून भाकरी थापता थापता मी बोलायचे आणि तुम्ही खाटेवरून उत्तर द्यायचात. तोंड न बघता बोलणं किती सुखाचं असतं ते मला इतक्या उशिरा कळलं. मी मनात म्हटलं, आता सांगता येईल. पाठ करून, हळू आवाजात, त्यांच्या डोळ्यांत न बघता.

तेवढ्यात ते गाणं आलं.

वर्षानेच हौसेने तुमच्या फोनमध्ये गाण्यांचं ॲप घालून दिलं होतं, आप्पांनी इतकी वर्षं गाणं ऐकलं नाही म्हणून. आठ दिवसांत त्या ॲपला काय झालं कोण जाणे, मशीन फोनला जोडलं गेलं की ते आपणहून उघडायचं आणि गाणं सुरू व्हायचं. सकाळी मशीन कानात घातलं की गाणं. कुणाचा फोन येऊन गेला की गाणं. तुम्ही काही दाबलेलं नसायचं. फोन खिशात आणि गाणं कानात. बाहेर कुणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून घोटाळा जास्त. गल्लीत एकांकडे माणूस गेल्याचं बेसणं होतं, सगळे माना खाली घालून बसलेले, आणि तुमचा पाय ताल धरायला लागला. मी तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला. तुम्ही दचकून फोन काढलात आणि तो बंद करण्याच्या नादात तीनदा उलटसुलट दाबत बसलात.

मी तो फोन घेऊन दिंडोलीच्या दुकानात गेले. दुकानदाराने अपडेट केलं, म्हणाला आता नहीं होगा मासी. संध्याकाळी झालं. मी स्वतः ॲप बोटाने वर सारून काढून टाकायला शिकले, तर ते पुन्हा कुठून तरी हजर. वर्षा फोनवरून सांगायची, इथे दाब, तिथे दाब, पण आपल्याला ते सेटिंगचं चाक सापडायचं नाही.

तुम्हाला त्याचा त्रास कमी आणि मजा जास्त. मला मात्र त्या ॲपचा राग यायचा, खरोखरीच्या बाईचा यावा तसा. मी काहीतरी सांगत असायचे आणि तुम्ही दुसरीकडेच बघून हसायचात. मग कळायचं, गाणं लागलंय. पंधरा वर्षांनी तुमचा कान मला मिळाला होता आणि तो मधेच कुणीतरी पळवत होतं. त्यात तुम्ही दर रविवारी चारच्या सुमाराला फोन घेऊन गच्चीवर जायला लागलात, एकटेच. तास-तास वर. मी खालून म्हणायचे, आता तर गाणी ऐकायला वेगळी जागाही लागते यांना. माझं ते म्हणणं तुम्ही ऐकलंत की नाही माहीत नाही. उत्तर कधी दिलं नाहीत.

होळी झाल्यावर मी बिबड्या घातल्या, ज्वारीचे पापड. त्या बुधवारी खातं बंद म्हणून तुम्हाला सुट्टी होती. ऊन उतरल्यावर मी गच्चीवर जुन्या साडीवरच्या बिबड्या उलटत होते आणि तुम्ही टाकीच्या सावलीला बसला होतात. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं. माझी तुमच्याकडे पाठ होती. सांगायचं असं काही ठरवलं नव्हतं. हाताला काम होतं, त्या कामात तोंडून निघालं.

मी म्हटलं, मला तुम्हाला एक सांगायचंय. मग सगळं सांगितलं. फोन आला होता. भाऊजींनी आजच धाडा म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. वर्षाची परीक्षा, तुमचं काम, हे सगळं सांगितलं आणि हेही सांगितलं की ही कारणं पुरेशी नाहीत. गावच्या अंगणात तुम्ही मला विचारलंत तेव्हाही मी खोटं बोलले. तुमचं तुमच्या भावाशी काही वाकडं नव्हतं, ते मी केलं. शेवटी शेवटी माझ्या हातातली बिबडी मोडली तरी मी ती धरूनच होते.

मग मी वळले.

तुम्ही टाकीला टेकून बसला होतात. एक बोट गुडघ्यावर हळूहळू आपटत होतं. माझ्याकडे बघून तुम्ही खिशातून फोन काढलात, त्यावर काहीतरी दाबलंत आणि म्हणालात, "तू काय बोलनी? हाई गानं आपेआप चालू व्हई गयं."

मला हसू आलं की रडू, ते आता सांगता येत नाही.  मी म्हटलं, "काही नही. बिबड्या वाळन्यात, आसं म्हनत व्हतू."

तुम्ही उठलात. साडीची पलीकडची दोन टोकं धरलीत, अलीकडची दोन मी, आणि आपण दोघांनी ती झोळीसारखी उचलून खाली आणली. जिन्यात तुम्ही पुढे, उलट्या पावलांनी उतरत होतात. दर पायरीला मागे न बघता, माझ्याकडे बघत.

त्यानंतर तुम्ही नऊच दिवस होतात. त्या नऊ दिवसांत मला पुन्हा सांगता आलं असतं. एकदा सांगून झालेलं, ऐकलं न गेलेलं, पुन्हा सांगायला मला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. पाचव्या की सहाव्या दिवशी तुम्ही जेवताना म्हणालात, "पुढला महिनाम्हा गावले जाऊत. दोन्ही जन." अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, कुणाकडे? तुम्ही म्हणालात, "घर शे आपलं तठे. कोनाकडे काय इचारस?" मी घाबरले. मला वाटलं, गावी गेलो की भाऊजी सगळं बोलतील. मी म्हटलं, ऊन फार आहे, पावसाळ्यात बघू. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. मग म्हणालात, "बरं."

त्या "बरं"चा आवाज मला रोज ऐकू येतो.

तुम्ही खात्यात स्टुलावर बसल्या जागी गेलात. मशीन शर्टाच्या खिशात होतं. लूमच्या आवाजात ते घालवत नाही, म्हणून तिथे काढून ठेवायचात. म्हणजे शेवटी तुम्हाला काय ऐकू आलं असेल? नेहमीचं, बहुतेक. तीस वर्षांचं.

अशोकभाऊजी त्याच दिवशी संध्याकाळी आले. मला ते दारात दिसले तेव्हा वाटलं, वर्षाने कुठून नंबर मिळवला. ती म्हणाली, आप्पांच्या फोनमध्येच होता, सगळ्यात वर.

दहाव्याला तापीवरून परत आल्यावर भाऊजी माझ्यापासून थोडं लांब, भिंतीला टेकून बसले. त्यांचेही केस पिकलेत. मी विचारलं, तुमचा नंबर यांच्याकडे कसा? ते म्हणाले, "दर आइतवारे फोन करे मना भाऊ. चार वाजता. तुमले माहीत नही?"

मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं ते गाणं.

भाऊजी सांगत गेले. पहिला फोन आला तेव्हा त्यांनी आवाज ओळखलाच नाही. तुम्ही म्हणालात, माले आते आयकू येस.  पुढच्या रविवारपासून जुन्या गोष्टी. विहीर, शाळा, सासूबाईंचा मार. आणि एका रविवारी तुम्ही विचारलंत, तू तेव्हा फोन केला होता का? भाऊजी म्हणाले, केला होता, वहिनींनी उचलला होता. "भाऊ काहीच बोलना नही," भाऊजी म्हणाले. "माले वाटनं फोन कट व्हयना. मंग म्हने, त्या टाइमले लाइनच खराब राहे रे. तिले आयकू नही उनं व्हई."

लाइन खराब असायची. तिला ऐकू आलं नसेल.

हे सांगताना भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही मान वर केली नाही. तो रविवार कुठला असेल ते मला कळलं. संक्रांतीच्या सुमाराला एकदा तुम्ही गच्चीवरून खाली आलात आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी नुसते उभे राहिलात. मी विचारलं काय पाहिजे, तर म्हणालात, काही नही. मग दोन दिवस मशीन डबीतच ठेवलंत. कान दुखतोय म्हणालात. मी तेल कोमट करून दिलं. तुम्ही ते घातलंतही.

म्हणजे गच्चीवर मी सांगितलं त्याच्या कितीतरी आधी तुम्हाला माहीत होतं. तरी मला वाटलं, निदान माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं. मी सांगितलं आणि ते गाणं मधे आलं. मी त्या ॲपला मनातल्या मनात खूप बोलले.

तेराव्या दिवशी पाहुणे गेल्यावर वर्षा तुमचा फोन हातात घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, ते गाणं तेवढं बंद करायचं राहूनच गेलं बघ. शेवटपर्यंत त्याने छळलं तुझ्या आप्पांना.

ती म्हणाली, "मम्मी, ते तर मी बंद करून दिलेलं."

"कधी?"

"तू बिबड्या घातल्या त्याच्या आधीच्या रविवारी मी आले होते ना, तू शाकभाजी घ्यायला गेली होती तेव्हा." तिने फोन उघडून मला दाखवलं. मशीनच्या नावापुढे ते चाक असतं, ज्याला आपण इतके दिवस शोधत होतो. त्याच्या आत दोन बटणं. एक फोनचं, एक गाण्याचं. गाण्याचं बंद केलं की फोन तेवढा कानात येतो, गाणं येत नाही. शिवाय ॲपमध्ये जाऊनही आपोआप लागायचं तिने बंद करून टाकलं होतं. आप्पांच्या हातून दोनदा करून घेतलं होतं. "आप्पा म्हणाले, तुनी मायले सांगू नको, मीच दखाडसू तिले."

मी विचारलं, "मग नंतर कधी ते आपोआप लागलं असेल का? त्या बुधवारी?"

"नाही लागत, मम्मी. बघ ना, अजून बंदच आहे."

ती दोन्ही बटणं मी बराच वेळ बघत बसले. 

गच्चीवर गाणं लागलंच नव्हतं. तुम्ही सगळं ऐकलंत. पहिल्या शब्दापासून. आणि बोट गुडघ्यावर आपटत बसलात.

तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी भांडले नव्हते. त्या दिवशी भांडले. हे बरोबर केलं नाहीत तुम्ही. अकरा वर्षं मी तुमच्या रागाची तयारी करून बसले होते. तुम्ही ओरडाल, ताट सरकवाल, चार दिवस बोलणार नाही, मला माहेरी जा म्हणाल. काहीही चाललं असतं. त्यानंतर कधीतरी तुम्ही "च्या कर" म्हणाला असतात आणि मला कळलं असतं की झालं. तुम्ही मला तेवढंही दिलं नाहीत. मी माझं ओझं तुमच्यापुढे ठेवलं आणि तुम्ही ते न पाहिल्यासारखं करून पुन्हा माझ्याच हातात दिलंत.

आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, दुसरं काय करणार होता हा माणूस? ज्या बाईने गच्चीवर पाठ करून सांगितलं, तिला तुमच्याकडे तोंड करायला लावलं नाहीत. मला वाचवायला तसं केलंत, की तुम्हालाच ते माझ्या तोंडून ऐकवलं नाही म्हणून? आपली बायको असं करू शकते हे माहीत असणं वेगळं आणि तिच्या आवाजात ऐकणं वेगळं. तोही नवाच सापडलेला आवाज. यातलं कुठलं खरं, ते विचारायला मी रोज तोंड उघडते. मग गावचं आठवतं. दोन्ही जन जाऊत म्हणालात, ते मला तिथे नेऊन उभं करायला नव्हतं. मला आता वाटतं, तुम्ही माझ्या सोबत उभे राहणार होतात. मी पावसाळ्यावर ढकललं.

म्हणून गेल्या सोमवारी मी एकटी गेले. वर्षा येते म्हणत होती, तिला नको म्हटलं. उधण्याहून सकाळची गाडी धरली, अमळनेरला उतरले, तिथून जीप. अकरा वर्षांत रस्ता बदललाय, आपल्या घरापर्यंत आता डांबर आहे. भाऊजी अंगणात होते. जाऊबाई पाणी घेऊन आल्या. मी पाण्याला हात लावायच्या आधी म्हटलं, भाऊजी, लाइन खराब नव्हती. मला सगळं नीट ऐकू आलं होतं.

अंगणात शेजारची दोन माणसं होती, समोरच्या ओट्यावर एक म्हातारी होती. मी आवाज कमी केला नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. तुम्ही मला या अंगणात काय विचारलंत आणि मी काय उत्तर दिलं, तेही. जाऊबाई तांब्या हातात धरून तशाच उभ्या होत्या.

भाऊजींनी खांद्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं. मला वाटलं उठून जातील. मग म्हणाले, "मी बी येकच फोन करा, वहिनी. दुसरा कराले पाहिजे व्हता. लगीनमा भाऊ माले काही बोलना व्हता, म्हनीसन मी रुसेल व्हतू. म्हनं, येक डाव सांगं ना, आते येवो नहीतं ना येवो." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मायनी दोन दिन वाट दखी. दुसरा फोन कराले कितला येळ लागता?"

 त्यांच्या वाट्याचं त्यांचं होतं, ते काढून घेण्याचा हक्क मला नव्हता. माझं त्याने कमीही झालं नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गोष्टीत मी एकटी नव्हते.

जाऊबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी जेवले. सासूबाई जिथे झोपायच्या त्या खोलीत आता धान्याच्या कोठ्या आहेत. थोडा वेळ तिथे बसले. भाऊजींनी राहायचा आग्रह केला, पण दुपारच्या गाडीने परत निघाले.

अंधार पडायच्या आत घरी पोचले. कुलूप काढत होते तर कांताबेननी बाहेर येऊन विचारलं, "क्यां गया हता?" मी म्हटलं, "गामडे." गावी. त्यांनी पाण्याचा ग्लास दिला आणि त्या आपल्या घरात गेल्या.

आत आले. दिवा लावला, पदराने खाट झटकली. खाटेवर कुणी बसलेलं असतं तर त्याने विचारलं असतं, काय व्हयनं तठे? काय म्हने अशोक? गाडीत जागा भेटनी का? मी भाकरी थापत, पाठ करून, एकेक सांगत गेले असते.

तसं सांगायला घरात कुणी नव्हतं म्हणून हे लिहिलं. मी सांगून आले. त्यांनी मला जेवू घातलं.